कॉटन चालणार नाही

सलग तीन विकांत प्रॉडक्शन रिलीजच्या चरणी वाहिल्यावर चौथ्याला घरून नोटीस आली: लॅपटॉप बंद, चिंचणीला जायचं. चिंचणी हे माझं आजोळ. बाबा रिटायर झाल्यापासून आई-बाबांनी तिथंच घर केलंय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: पश्चिम रेल्वेवर बोईसर किंवा वाणगावला उतरायचं, एस्टी नाहीतर रिक्षा पकडायची आणि समोर समुद्र आला की थांबायचं. सुरूची झाडं, लांबलचक काळपट वाळू, डावीकडे तारापूर आणि त्याच्याही पलीकडे १९६९पासून चालू असलेलं अणुवीजकेंद्र.

पण पोरांना फुकटचा समुद्र नको होता, तिकिटाचं पाणी हवं होतं. मग शनिवारी सकाळी सगळी वरात बोईसरवरून चिल्हार फाट्याला, तिथून हायवेने एका वॉटर पार्कला. कन्यारत्न वय वर्षं पाच, चिरंजीव वय वर्षं दोन, बायको, मी आणि आई. (बाबांनी "मी घर सांभाळतो" हा हुकमी एक्का काढला.)

आईने नातीसाठी खास फ्रॉक शिवला होता. सुती, घेरदार, भडक नारिंगी, आणि खिशावर पिवळं बदक. पाण्यात खेळायला म्हणून मुद्दाम शिवलेला. गेटवर तपासणी करणाऱ्या ताईंनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि निकाल दिला, "काकी, कॉटन चालणार नाही. काउंटरवर कॉस्च्युम भाड्याने मिळतो." मग चिरंजीवांच्या कमरेकडे बघून, "आणि हे चांदीचं पण काढा."

'हे चांदीचं' म्हणजे करदोटा. आईने तो काढून बटव्यात टाकला, फ्रॉकची घडी करून पिशवीत. बोलली काही नाही. कन्येने भोकाड पसरलं, पण काउंटरवरून गडद निळा, ढोपरापर्यंतचा, एक साईज मोठा नायलॉनचा कॉस्च्युम अंगावर चढला तेव्हा ती गप्प झाली. आत घसरगुंड्या दिसत होत्या ना.

पुढचं सांगायला अजून बरं वाटत नाही. वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू झाल्या, भोंगा वाजला, गर्दी उसळली आणि माझी मुलगी मला दिसेना. तळ निळा, पाणी निळं, आणि पाण्यात भाड्याच्या गडद निळ्या कॉस्च्युममधली वीस-पंचवीस पोरं. सगळी पाठमोरी. मी जिला तिला खांद्याला धरून वळवत होतो. ती माझ्यापासून दहा फुटांवर, आईचा हात धरून, कमरेएवढ्या पाण्यात खिदळत होती. सगळा प्रकार मिनिटभराचा असेल. पण प्रॉडक्शन डेटाबेस उडाल्यावर पोटात जो गोळा येतो तो याच्यापुढे काहीच नाही, एवढं सांगतो.

रात्री झोप लागेना तेव्हा वाचत बसलो. प्रश्न साधा होता: लहान मुलाने पाण्यात काय घालायचं हे ठरवलं कुणी? कॉटन चालणार नाही हा नियम आला कुठून?

आपल्याकडे या प्रश्नाचं पूर्वापार उत्तर म्हणजे 'काही नाही'. पाच-सहा वर्षांपर्यंतचं पोर नदी, विहीर, तळं, खाडी कुठंही असो, पाण्यात नागडंच. अंगावर फार तर करदोटा. काळ्या दोऱ्याचा नाहीतर ऐपत असली तर चांदीचा. मराठी बाळाच्या कपड्यांची यादी काढली, म्हणजे झबलं, टोपरं, कुंची, दुपटं, लंगोट, तर त्यात पाण्यासाठी म्हणून एकही कपडा नाही. जरा मोठं झालं की लंगोट किंवा चड्डी. पोहायला शिकताना कमरेला बांधायचा तो सुका भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते हलकं असतं आणि तरंगतं. आपला खरा पारंपरिक 'स्विमिंग कॉस्च्युम' म्हणजे दोर आणि भोपळा. त्यात लाजेचा संबंध नाही. सगळा हिशेब पोर बुडू नये एवढाच.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पाण्यात उतरायचं ते अंगावरच्या कपड्यानिशी, आणि तो कपडा सुती. आपल्याकडे तर ओल्या सुती कपड्याला पावित्र्य आहे. ओलेत्याने प्रदक्षिणा, ओलेत्याने पूजा. जे कापड देवाला चालतं ते घसरगुंडीला चालत नाही ही गंमत मला रात्री दीड वाजता फारच आवडली.

आता जरा लांबचं, पण याच किनाऱ्यावरचं. चिंचणीहून उत्तरेला डहाणू ओलांडून गुजरातच्या हद्दीत शिरलं की संजाण लागतं. इराणहून आलेले पारशी लोक उतरले ते इथं. त्यांची कथा बहमन कैकोबाद याने १५९९ साली 'किस्सा-ए-संजान' या फारसी काव्यात लिहिली. म्हणजे घटनेनंतर शेकडो वर्षांनी, त्यामुळे इतिहास किती आणि आठवण किती यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण त्यात इथल्या राजाने घातलेल्या अटी दिल्यात त्या वाचण्यासारख्या आहेत. शस्त्रं खाली ठेवा, इथली भाषा बोला, आणि तुमच्या बायकांनी इथल्या बायकांसारखे कपडे घालावेत. दुधात साखर विरघळली वगैरे आपण शाळेत ऐकतो, पण गेटवर कपड्यांची तपासणी झाली होती हे कुणी सांगत नाही :-)

आणि खुद्द चिंचणी? १९५५ साली इथं ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संयान म्हणजे संजाणचा कारभार 'मधुमति' नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब अधिकारी पाहत होता. मधुमति हे मुहम्मदचं संस्कृत रूप असावं असं मानतात. राष्ट्रकूटांच्या राज्यात, कोकण किनाऱ्यावर, अरब गव्हर्नर! याने काय केलं म्हणाल तर दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या आणि एक अन्नछत्र उघडलं, ज्यात साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदात या मुलखातलं पाणी भेटतं ते असं. ओलांडायचं पाणी. त्यात खेळायला जायचं म्हणून कपडे करावेत ही कल्पना यायला अजून बराच अवकाश होता.

ती कल्पना विलायतेतली. अठराव्या शतकात तिथल्या डॉक्टरांनी समुद्रस्नान औषधासारखं लिहून द्यायला सुरुवात केली. मग चाकांवरच्या लाकडी खोल्या आल्या. त्यात बसायचं, घोडा ती खोली पाण्यात ओढत नेणार, आत कपडे बदलून पलीकडच्या दाराने पाण्यात उतरायचं. बायकांचा पोशाख म्हणजे फ्लॅनेलचा पायघोळ झगा, आणि पाण्याने तो वर तरंगू नये म्हणून काठाला वजनं शिवलेली. पाण्यात जाणाऱ्या माणसाच्या कपड्याला वजन लावायचं! बुडण्यापेक्षा पाय दिसण्याची भीती मोठी होती. पुरुष मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी बिनधास्त नागडे पोहत.

मुलांसाठी 'समुद्राचा पोशाख' निघाला तो त्याच सुमारास, पण तो पाण्यात जायचा नव्हताच. १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या चार-पाच वर्षांच्या मुलाला राजघराण्याच्या जहाजावर खलाशाचा छोटा गणवेश घातला. विंटरहाल्टर या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं आणि पाठीवर चौकोनी पडणारी ती खलाशी कॉलर जगभरच्या पोरांच्या मानेवर येऊन बसली. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये बघा, स्टुडिओत काढलेल्या फोटोत एखादी आत्या किंवा काका त्या कॉलरमध्ये नक्की सापडेल. माझ्या मामाचा आहे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि खलाशाचा ड्रेस घालून फोटो काढायला स्टुडिओत!

पाण्यात जाण्यासाठीचे पहिले आटोपशीर कपडे लोकरीचे होते. विणलेले. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जँट्झन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खपवले. लोकर भिजली की लोंबते आणि जड होते, त्यामुळे बाहेर येताना माणूस दोन्ही हातांनी कपडा धरून यायचा. सिडनीत १९१४ साली मोजे-बनियन विणणारी मॅकरे यांची एक कंपनी सुरू झाली, तिनेच १९२८पासून 'स्पीडो' हे नाव घेतलं. तोवर लाज हळूहळू मागे पडून वेग पुढे आला होता.

मग आलं नायलॉन. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत १९३५ साली ते पहिल्यांदा तयार झालं आणि १९४० साली बायकांचे मोजे होऊन दुकानात आलं. १९५८ साली त्याच कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने ताणून सोडला की पूर्ववत होणारा धागा बनवला. तो पुढे लायक्रा या नावाने आपल्या सगळ्यांच्या अंगावर आला. आमच्यासारख्यांसाठी यातला एक तुकडा फार जवळचा आहे. गोरेगाव पूर्वेला हायवेलगत निरलॉन नॉलेज पार्क आहे. माझे निम्मे मित्र तिथं कोड लिहायला जातात, मीही एका क्लायंटकडे चार महिने गेलोय. निरलॉन हे नाव एखाद्या स्टार्टअपचं वाटतं, पण ती नायलॉनच्या धाग्याची कंपनी होती. साठच्या दशकात तिथं धागा निघायचा. नायलॉनच्या साड्या, टेरिलीनचे शर्ट, 'इस्त्री लागत नाही' याचं कौतुक, हा सगळा त्या काळाचा माल. आता तिथल्या काचेच्या इमारतीत बसून लोक मुलांसाठी ऑनलाइन स्विमवेअर मागवतात, आणि ते नायलॉनचंच असतं.

पण नियम? नियम कपड्यामुळे आला नाही, तो पाण्यामुळे आला. डिस्नेने १९७६ साली फ्लोरिडात एक पाण्याचं उद्यान काढलं आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज मिले याने ऑर्लँडोत 'वेट अँड वाइल्ड' उघडलं. बहुतेक लोक वॉटर पार्कची सुरुवात तिथून धरतात. आपल्याकडे गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं आणि १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम. माझ्या पिढीने मढ-मार्वेकडून बोटीने जाऊन ते बघितलंय. एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद पडलं तेव्हा व्हॉट्सअॅपवर सगळ्यांचे गळे दाटून आले होते.

वॉटर पार्क म्हणजे वरून जत्रा आणि खालून एक मोठं यंत्र. तेच पाणी पंपाने वर, घसरगुंडीवरून खाली, गाळणीतून पुन्हा वर. चोवीस तास चालणारा लूप. या लूपमध्ये सुती कपडा म्हणजे बग. सुताची तूस सुटते आणि जाळ्यांत, वाळूच्या गाळण्यांत जाऊन बसते. न टिकणारा रंग पाण्यात उतरतो. शिवाय सूत पाणी पितं. हवेतल्या ओलाव्याचाच हिशेब घ्या: नेहमीच्या प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, नायलॉन ४ आणि पॉलिएस्टर फक्त ०.४. प्रत्यक्ष भिजल्यावर तर घेरदार फ्रॉक स्वतःच्या कितीतरी पट पाणी घेऊन लोंबतो. घसरगुंडी फायबरग्लासची, वर गुळगुळीत लेप. ओलं सूत त्याला चिकटतं, पोर मध्येच अडकतं आणि मागून येणारा सत्तर किलोचा काका येऊन आदळतो. धातूची बटणं, चेन, रिवेट त्या लेपावर ओरखडे काढतात, आणि त्याच ओरखड्यांवर पुढच्याची कातडी सोलते. नाड्या तर फारच वाईट. घसरगुंडीच्या तोंडाशी नाडी अडकून मुलांचे जीव गेले, म्हणून अमेरिकेत १९९६ साली मुलांच्या जॅकेटांच्या नाड्यांबद्दल सरकारी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्या बागेतल्या साध्या घसरगुंड्या होत्या, पण कमरेला धातू किंवा दोर घालून घसरगुंडीवर जाऊ नये हे पटायला तेवढं पुरे. म्हणजे करदोटा काढायला सांगणाऱ्या ताई बरोबर होत्या. कॉटनबद्दलही बरोबर होत्या. रात्री अडीच वाजता मी त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

सुताच्या विरुद्ध आणखी दोन गोष्टी निघतात, आणि त्या यंत्राच्या नाहीत, पोराच्या भल्याच्या आहेत. एक, थंडी. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढतं आणि लहान मुलाचं अंग वजनाच्या मानाने पसरट, त्यामुळे ते मोठ्यांच्या आधी गारठतं. त्यात बाहेर आल्यावर ओलं सूत अंगाला चिकटून वाऱ्याने आणखी गार करतं. ओठ निळे पडले की अजून पाच मिनिटं वगैरे करू नये, टॉवेलात गुंडाळावं. दुसरी, ऊन. साधा पांढरा सुती टीशर्ट उन्हातल्या अतिनील किरणांपैकी पाचवा-सहावा हिस्सा आत सोडतो आणि भिजला की तिसरा. ऑस्ट्रेलियात कातडीच्या कॅन्सरचं प्रमाण मोठं, म्हणून तिथं १९८१पासून मुलांना अंग झाका, टोपी घाला हे शिकवणारी मोहीम चालली आणि १९९६ साली कापडातून किती ऊन आत जातं याचं जगातलं पहिलं मानक तिथंच आलं. हल्ली पोरं लांब बाह्यांचे घट्ट स्विमसूट घालतात ते तिथल्या सर्फर लोकांचं देणं. त्यावर ५० आकडा असेल तर पन्नासातला एक हिस्साच आत येतो. आपल्याकडच्या काकूंना वाटतं पोरीचं अंग झाकलं गेलं म्हणून बरं, डॉक्टरला वाटतं ऊन अडलं म्हणून बरं. कपडा एकच.

दोन वर्षांच्या चिरंजीवांचा वेगळा अध्याय. साधा डायपर पाण्यात नेऊ नये, तो फुगून विटेएवढा होतो आणि शेवटी फुटून आतली जेली पाण्यात पसरते. पाण्यातले डायपर वेगळे मिळतात, ते पाणी शोषत नाहीत. पण त्यांचं काम घन ऐवज अडवण्यापुरतं. पोट बिघडलेलं असेल तर कुठलाही डायपर जंतू अडवत नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जंतू क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभरही जगतो. तेव्हा पोराला जुलाब असतील तर तिकिटाचे पैसे गेले समजावं आणि घरी बसावं. प्लीज.

हे सगळं वाचून होईस्तोवर पहाट झाली. समाधान झालं नाही. कारण लाज झाली, वेग झाला, यंत्र झालं, ऊन झालं, पण वेव्ह पूलमधल्या त्या एका मिनिटाबद्दल गेटवरचा कुठलाच नियम बोलत नव्हता. नियम सांगतो काय घालू नका. निळ्या तळाच्या पाण्यात निळं पोर दिसत नाही, हे कुणाच्याच यादीत नाही. निळा, पांढरा, करडा हे रंग पाण्याखाली विरघळतात. गढूळ पाण्यात काळा-तपकिरीही. दिसतात ते भडक नारिंगी, भडक गुलाबी, पोपटी. आणि भाड्याचे कॉस्च्युम गडद निळे, मळ दिसू नये म्हणून.

सकाळी चहा पिताना आईला म्हटलं, "तो फ्रॉक नारिंगी का शिवलास गं?"

"दिसायला," आई म्हणाली.

मला वाटलं, दिसायला छान म्हणून. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. मग म्हणाली, "आम्ही पाच भावंडं. ओहोटीला पाणी केवढं आत जातं इथं, बघतोस ना. पोरं त्याच्यामागे धावतात. भरतीला मातकट पाणी. खाकी चड्डीतलं पोर चिखलाचंच होतं. आमची आई सुरूखाली बसून वाल निवडायची, आणि आम्हाला घालायची तिच्या जुन्या नारिंगी लुगड्याची झबली. खालीवर झालं तरी मोजता येत, एक, दोन, तीन, चार, पाच. कोळी लोक जाळ्याच्या बोयावर बावटा लावतात ना, तसं."

"मग काल बोलली का नाहीस?"

"त्यांचं पाणी, त्यांचा नियम," आई म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

मी लगेच फोन काढून मुलीसाठी पॉलिएस्टरचा, लांब बाह्यांचा, ५० आकडा असलेला, भडक नारिंगी स्विमसूट शोधला. मुलींच्या विभागात फिक्या निळ्याचे अकरा प्रकार आणि पांढऱ्यावर जलपऱ्यांचे सात. नारिंगी एकच सापडला, तोही मुलांच्या विभागात, छातीवर शार्क. बायको म्हणाली चालेल. कन्या म्हणाली शार्कच पाहिजे. ऑर्डर टाकली.

संध्याकाळी निघण्याआधी सगळे किनाऱ्यावर गेलो. भरती सुरू होऊन तासभर झाला होता. मुलीच्या अंगात कॉटनचा तो बदकवाला फ्रॉक. दोन मिनिटांत भिजून ढोपरांना चिकटला, जड झाला, एका बाजूने लोंबायला लागला, आणि ती तशीच घोट्याएवढ्या पाण्यात शिंपले गोळा करत राहिली. घोट्याच्या वर जायचं नाही आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर, एवढा नियम आईने घातला होता. मी सुरूच्या सावलीपर्यंत मागे जाऊन मुद्दाम वळून पाहिलं. मातकट पाणी, करडं आभाळ, डावीकडे लांबवर केंद्राच्या इमारती, आणि मधे नारिंगी ठिपका. शेजारी बायकोची पिवळी ओढणी. दोन.

आईने बटवा उघडला, चिरंजीवांना मांडीवर घेतलं आणि करदोटा पुन्हा त्यांच्या कमरेला घातला. बाकी कपडे त्यांनी आधीच फेकून दिले होते.